मदत हवी आहे: कराटे-जुडोच्या सरावात सारखी दुखापत होतेय, नेमकं काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

वय ३९, दिवसभर खुर्चीत बसून काम. दहा महिने कराटे शिकतेय, चार महिन्यांपासून जोडीला जुडो. प्रचंड आवडतंय, त्यामुळे "सोडून द्या" एवढं सोडून काहीही सांगा.

आधी डावं मनगट मुरगळलं. पाठीवर पडताना हात मागे टेकवला. मग डावा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. गंमत म्हणजे मावाशी-गेरी (बाजूने गोल फिरवून मारायची किक) मारते उजव्या पायाने, दुखतो तो टेकलेला पाय! आणि गेल्या महिन्यात जोडीदाराच्या बाहीत करंगळी अडकली. हाड शाबूत आहे, पण तीन आठवडे घरी बसले.

दहा मिनिटं आधी जाऊन पाय फाकवून ताण देत बसते, ते पुरेसं नाही का? गुडघ्याला नी-कॅप घालू का? आणि कुठलं दुखणं अंगावर काढायचं, कुठल्या दुखण्याला थांबायचं?

प्रतिसाद

ताई, मनगटाचं उत्तर उकेमीत, म्हणजे इजा न होता पडण्याच्या तंत्रात आहे. पडताना हात मागे गेला की सगळं वजन मनगटावर येतं, कधी कधी थेट गळ्याच्या हाडापर्यंत. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. हात अंगापासून तीस-पंचेचाळीस अंशांवर ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम मॅटवर आपटायचा. आधी उकिडवं बसून, मग उभ्याने. कंटाळवाणं आहे, पण ब्लॅक बेल्टवालेही रोज करतात.

बोटांचं म्हणाल तर पकड सुटतेय असं वाटलं की सोडून द्या. आपण हट्टाने धरून ठेवतो आणि बोट पिरगळतं. आणि सरावात कुणी हौसेने कानी-बासामी (दोन्ही पायांची कात्री घालून पाडायचा डाव) करून बघू म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. १९८० च्या अखिल जपान स्पर्धेत याच डावाने नामांकित जुडोपटू यामाशितांच्या पायाचं हाड मोडलं होतं. आता स्पर्धेत त्यावर बंदी आहे.

प्रतिसाद

गुडघ्याबद्दल लिहितो. किक मारताना टेकलेला पाय चवड्यावर वळतो का? टाच प्रतिस्पर्ध्याकडे यायला हवी. अनवाणी पाऊल मॅटला चिकटून राहतं, वर कंबर फिरते आणि सगळा पीळ मधल्या गुडघ्याला बसतो. भिंतीला हात लावून, किक न मारता नुसतं वळणं घोटा. पाऊल वळत नसेल तर नी-कॅप घालून काही फरक पडणार नाही.

थंड अंगाने बराच वेळ ताण देऊन बसणं वॉर्म-अपच्या कामाचं नाही, उलट स्नायूंचा जोर थोडा वेळ कमीच होतो. आधी दोरीउड्या, लंजेस, सावकाश किक्स. घाम फुटला की पुढचं. ते पाय फाकवणं क्लास संपल्यावर.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं चालायचंच. पण सांध्यात 'कट्' आवाज, काही तासांत सूज, गुडघा अडकणं किंवा उभं राहताना दगा देणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. डोक्याला मार लागून गरगरलं तरी तेच. हेल्मेटने जखम टळते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

एक विचारू? या तिन्ही दुखापती क्लासच्या कुठल्या वेळी झाल्या?

धागाकर्ती

अहो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! मनगट आणि करंगळी दोन्ही शेवटच्या पंधरा मिनिटांत, रांदोरीत (जोडीदाराशी मोकळ्या झुंजीच्या सरावात). गुडघाही सलग पन्नास किक्सच्या शेवटी शेवटी कुरकुरतो. तेव्हा पाय वळवण्याचं त्राणच उरलेलं नसतं. जोडीदार विशीतला मुलगा आहे, त्याच्यासमोर "बसते" म्हणायची लाज वाटते. सर काही बळजबरी करत नाहीत, खोटं कशाला बोलू.

प्रतिसाद

मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. सरांना आधीच सांगून ठेवा की शेवटची फेरी बसून बघणार. टॅपही (हाताने थोपटून हार मानणं) दुखायच्या आधी करा, दुखल्यावर नाही. त्या मुलाला काही वाटत नाही हो, त्यालाही उद्या जोडीदार हवाच असतो.

धागाकर्ती

आज शेवटची फेरी बसून काढली. तो पोरगा येऊन शेजारी टेकला, म्हणाला, "बरं झालं, मीपण दमलो होतो."

आता एकच शंका. करंगळी शेजारच्या बोटाला टेपने बांधून पकडीचा सराव सुरू करू, की पूर्ण मूठ वळेपर्यंत फक्त उकेमीच करू?