टेनेसी वॉकिंग हॉर्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत नेमके काय पाहतात?

कोथरूडकर: नमस्कार. पुण्याजवळच्या एका पागेत मी मारवाडी घोड्यावर रवाल चाल (स्वाराला हिसके न बसणारी जलद चाल) शिकत आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात शेल्बीव्हिल येथे १९३९ पासून टेनेसी वॉकिंग हॉर्स या जातीची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तेथे चालीची पारख कशी होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अश्वमित्र: ही स्पर्धा शर्यत नव्हे, तेथे चालीचा दर्जा पाहतात. संथ चाल, रनिंग वॉक (जलद चाल) आणि कँटर (मध्यम वेगाची दौड) या तीन मुख्य चाली होत. रनिंग वॉकमध्ये चारही टापा वेगवेगळ्या पडतात, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो आणि मान पावलागणिक खालीवर होते. त्यामुळे वेग वाढला तरी स्वाराला हिसके बसत नाहीत.

तापीकाठ: वरील माहितीत एक भर घालणे मला अत्यावश्यक वाटते. पुढचे पाय अधिक उंच उचलले जावेत म्हणून काही प्रशिक्षक खुरांच्या वरच्या कातडीला दाहक रसायने लावून तेथे साखळ्या बांधत. हे क्रौर्य रोखण्यासाठी १९७० साली तेथे कायदा झाला, तरी वाद शमलेला नाही. म्हणून स्पर्धेतील साध्या नालेच्या (उंच, जड नाल न ठोकलेल्या) घोड्यांचे वर्गच पाहावेत, असे माझे ठाम मत आहे.

कोथरूडकर: मनःपूर्वक आभार. रवाल चाल जवळून पाहायची असल्यास कोठे जावे?

तापीकाठ: दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या घोडेबाजारात या. घोडा समोरून येताना नव्हे, बाजूने जाताना पाहा. स्वाराचे खांदे स्थिर आहेत का, ते तेव्हाच कळते.