सासूबाईंच्या आजीचं माहेर शोधायचंय (काउंटी मेयो, आयर्लंड), सल्ला हवा

किमया_बॉस्टन
नमस्कार मंडळी. इथे कुळवृत्तांतात रमणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. माझं सासर आयरिश-अमेरिकन. सासूबाईंच्या आईची आई, ब्रिजेट वॉल्श, १९०३ च्या आसपास एकटीच बॉस्टनला आली आणि लोकांच्या घरी स्वयंपाकाला राहिली. गाव कुठलं ते कुणी विचारलंच नाही. "क्लेअरमॉरिसजवळ" एवढंच घरात चालत आलंय.

आता नातवाने नाताळात आजीला डीएनए किट दिलं आणि कॅसलबारच्या (तेही मेयोतच) एक बाई निघाल्या, २१० सेंटीमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक) जुळतात म्हणे. तेव्हापासून सासूबाई रोज विचारतात, "लिहिलंस का तिला?" मी १९०१ च्या जनगणनेत ब्रिजेट वॉल्श शोधली, तर मेयोत ढिगाने! कुठल्या साइटचं सदस्यत्व घेऊ? आणि त्या बाईंना काय लिहू?

ओंकार७९
निराश करायचं नाही, पण आयर्लंडचे सगळे कागद १९२२ मध्ये जळाले ना?

रानजाई
सगळे नाही हो. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ संपल्या, हे खरं. पण १८६१ आणि १८७१ च्या सरकारने आधीच स्वतः नष्ट केल्या होत्या, आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्याला गेल्या. त्यांचंही खापर आगीवर फुटतं. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी त्या इमारतीत नव्हत्या. कॅथलिक चर्चच्या वह्या आपापल्या चर्चमध्ये होत्या. किमयाच्या कामाचं बहुतेक सगळं शाबूत आहे.

किमया, पैसे आत्ता कुठेच भरू नकोस. आणि आयर्लंडला हात घालायच्या आधी बॉस्टनकडचे कागद संपव. वॉल्श हे मेयोतल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक, त्यामुळे नुसत्या नावावर कितीही शोधलंस तरी हाती काही लागणार नाही. तुला दोन गोष्टी हव्यात: ब्रिजेटच्या आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँड. टाउनलँड म्हणजे तिकडचं जमिनीचं सगळ्यात लहान एकक. देशात साठ हजारांवर आहेत, काहींत जेमतेम दोन घरं.

मॅसॅच्युसेट्सच्या विवाह आणि मृत्यूच्या नोंदींत आईवडिलांची नावं लिहीत, बऱ्याचदा आईच्या माहेरच्या आडनावासकट. ते मिळालं की निम्मं काम झालं. मग जहाजाची यादी काढ. त्या काळच्या यादीत "कुणाकडे चाललात" असा रकाना असे आणि पुढे पत्ता. एकट्या मुली सहसा आधी गेलेल्या बहिणीकडे नाहीतर मावशीकडे जात. ती बहीण सापडली तर तिचेही कागद काढ. ब्रिजेटच्या कागदावर नुसतं "आयर्लंड" असेल आणि बहिणीच्या कागदावर गावाचं नाव, असं सर्रास होतं.

अजून एक, हे मला स्वतःला फार आवडतं: बॉस्टनच्या "पायलट" या कॅथलिक साप्ताहिकात १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती येत. अमुक टाउनलँडचा, तमुक साली निघालेला, शेवटचा अमक्या रेल्वेच्या कामावर दिसलेला, अशा. बॉस्टन कॉलेजने त्या शोधता येतील अशा फुकट ठेवल्यात. ब्रिजेटच्या आधीचे काका-मामा त्यात असू शकतात.

एवढं झालं की आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई. सरकारी साइट आहे, फुकट. शंभर वर्षांपूर्वीचे जन्मदाखले मूळ पानाच्या प्रतिमेसकट दिसतात. क्लेअरमॉरिस नोंदणी जिल्हा टाक, साल साधारण १८८० ते १८८८, आणि येतील त्या सगळ्या ब्रिजेट उघडून बघ. पानावर टाउनलँड असतं, आईचं माहेरचं आडनाव असतं. एक मजा लक्षात ठेव. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची दिसली तर घाबरू नकोस. नोंदणीला उशीर झाला की दंड, म्हणून बाप जन्मतारीखच पुढे ढकलून सांगायचा.

दगडू_पाटील
रानजाईंना अनुमोदन. टाउनलँड कळलं की ग्रिफिथ व्हॅल्युएशन बघा, १८४७ ते १८६४. आपल्या सातबाऱ्याचा चुलतभाऊच म्हणा: कसणारा कोण, मालक कोण, एकर किती, आकार किती. मेयोत कसणारे वॉल्श आणि मालक भलताच कुणी जमीनदार, हेच चित्र. एकाच टाउनलँडमध्ये दोन जॉन वॉल्श असले तर पुढे कंसात बापाचं नाव लिहिलेलं सापडतं. आपल्याला सवयीचंच!

पण खरा माल त्यानंतरच्या फेरवह्यांत आहे. कूळ बदललं की जुनं नाव खोडून वर नवं लिहीत, दर फेरीला निराळ्या रंगाची शाई. बाप, मग विधवा, मग धाकटा मुलगा, असं एकाच ओळीवर बघायला मिळतं. कॅसलबारच्या बाई बहुधा त्या ओळीतल्या शेवटच्या माणसाच्या नात निघतील.

ओंकार७९
म्हणजे किमयाच्या नवऱ्याला आयरिश पासपोर्ट? 😀

रानजाई
नवऱ्याला नाही, सासूबाईंना मिळू शकेल. आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंड बेटावर जन्मलेला असला तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालता येतं. पणजीच्या जोरावर तेव्हाच, जेव्हा आपल्या जन्माआधीच आई किंवा वडिलांनी ती नोंद केलेली असते. आणि तिकडे नाव काढायला पणजीच लागते असं नाही. मालवणजवळच्या वराडचं मूळ असलेले वराडकर २०१७ ला थेट पंतप्रधान झाले.

जुईली
मी त्या कॅसलबारच्या बाईंबद्दल लिहिते, बाकी वर आलंच आहे.

२१० म्हणजे सासूबाईंच्या आणि त्यांच्या पिढीचा मेळ बसत असेल तर बहुधा पणजोबा-पणजी एक. तुमच्या बाबतीत ब्रिजेटचे आईवडील. त्या बाईंचे आजी किंवा आजोबा म्हणजे ब्रिजेटचं मागे राहिलेलं भावंड. अर्थात हा आकडा दुसऱ्या नात्यांतही बसतो, आणि शेजारच्या टाउनलँडमध्येच सोयरिकी होत असल्यामुळे दोन बाजूंनी नातं असू शकतं. दोघींनाही जुळणाऱ्या इतर लोकांची यादी बघा.

पत्र चार ओळींचं लिहा. सासूबाईंच्या नावाने, तुमच्या नाही. ब्रिजेटचं नाव, साल, क्लेअरमॉरिस, आणि एकच प्रश्न: तुमच्या घरात अमेरिकेला गेलेल्या कुणा बहिणीची आठवण सांगतात का? अख्खी वंशावळ पाठवू नका, त्यांची मागू नका, फोन तर नकोच. तिकडे लग्नाआधी झालेली मुलं घरातून गुपचूप दत्तक दिली गेली, अशी किती कुटुंबं आहेत. २०२२ मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे अशा माणसांना स्वतःच्या जन्माची माहिती मिळायचा हक्क आला. तुम्हाला गंमत वाटणारा आकडा समोरच्या घरात काय उघडं करेल सांगता येत नाही. महिनाभर उत्तर आलं नाही तर गप्प बसा.

किमया_बॉस्टन
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बॉस्टनमधल्या लग्नाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळालं! त्यावरून जन्माची एकच नोंद जुळतेय, १८८४ ची. तेच टाउनलँड घेऊन १९११ ची जनगणना उघडली. घरात आईवडील आणि दोन मुलगे. आईच्या पुढे "जिवंत जन्मलेली मुलं ९, हयात ७". वडिलांचं वय १९०१ मध्ये ५८ आणि १९११ मध्ये ७२, हे कसं काय?

दगडू_पाटील
पेन्शन! १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यांना सुरू झाली. ती मिळावी म्हणून त्या दशकात आयर्लंडभर म्हाताऱ्यांची वयं कागदावर भराभर वाढली. ५८ जास्त विश्वासाचं धरा, तेही आगेमागे.

रानजाई
नऊ जन्मली, सात हयात आणि घरात दोन. म्हणजे ब्रिजेट धरून पाच जणांचा पत्ता लावायचाय. आईचं तेच माहेरचं आडनाव टाकून बाकीच्यांचे जन्म काढ. आईवडिलांचं लग्न १८८० च्या आधीचं असेल तर राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट ठेवलेल्या चर्चच्या वह्यांत सापडेल. वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, जेम्सचा जेकोबस झालेला असतो. साक्षीदारांची नावंही उतरवून घे, बहुतेक नात्यातलेच असतात.

आणि घरात राहिलेल्या त्या दोन मुलग्यांची नावं जुईलीने सांगितलेल्या चार ओळींत घाल. कॅसलबारच्या बाईंना ओळखीचं असं तेच असेल.