दार उघडायचे सोळा हजार डॉलर?

परसदार
'सरळव्याज' यांनी परवा लिहिलं, "१७ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत एजंटांची सद्दी संपली. घर आपणच झिलोच्या वेबसाइटवर शोधायचं, कागद वकिलाने बघायचे, मग एजंट नुसतं दार उघडायचे सोळा हजार डॉलर कसले घेतो?" खाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण लावतेय. मी न्यू जर्सीत सात वर्षं हेच एजंटचं काम करते, तेव्हा पक्षपाती म्हणा हवं तर.

सद्दी नक्की कुणाची? ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरीच्या ज्युरीने कमिशन संगनमताने चढं ठेवल्याच्या दाव्यात पावणेदोन अब्ज डॉलरहून जास्त नुकसानभरपाई ठरवली, ती एजंटांची संघटना नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स आणि बड्या ब्रोकरेज कंपन्यांविरुद्ध. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली. संघटनेचा पैसा म्हणजे आमचीच वर्गणी. नियम बदलले ते दोन. विकणाऱ्याने खरेदीदाराच्या एजंटला किती देऊ केलंय, तो आकडा एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक घरयादीवर, टाकायचा नाही. आणि घर दाखवायला नेण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करायचा, त्यात फी स्पष्ट लिहायची. टक्का कुणी ठरवून दिलेला नाही. आधीही नव्हता, आताही नाही.

आता तुमचे सोळा हजार. साडेसहा लाखांचं घर, अडीच टक्क्यांनी १६,२५०. त्यातले ३० टक्के ज्याच्या हाताखाली मी काम करते त्या ब्रोकरचे. उरले ११,३७५. त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, वर इन्कम टॅक्स, एमएलएसची फी, गाडीचा गॅस. आणि हे व्यवहार झाला तर.

न झालेल्याचं सांगते. एका कुटुंबाला प्लेन्सबरोपासून ब्रिजवॉटरपर्यंत ४१ घरं दाखवली. पाच महिने, दर शनिवार-रविवार. पूर्वेचं दार हवं, जिन्याखाली देवघर नको, सगळं मान्य. एका रविवारी ते फिरता फिरता बिल्डरच्या नव्या साइटवर शिरले आणि तिथल्या सेल्स ऑफिसात सही करून आले. माझं नाव पहिल्या भेटीत नोंदवलं नाही म्हणून मला शून्य. सत्यनारायणाला मात्र आवर्जून बोलावलं. गेले. शिरा चांगला होता.

सरळव्याज
शिऱ्याबद्दल सहानुभूती. पण ४१ घरं दाखवलीत हा तुमचा धंद्याचा धोका. तो माझ्या व्यवहारातून का वसूल करता? ज्यांनी घर घेतलं नाही त्यांचा खर्च घेणाऱ्याने भरायचा, याला सोप्या मराठीत काय म्हणतात? मी सहा घरं पाहिली. सहाही मीच शोधली. न्यू जर्सीत सही झाल्यावर वकिलाने करार तपासायचं तीन दिवसांचं अटर्नी रिव्ह्यू असतंच, वकिलाने बाराशे डॉलर घेतले आणि करारातली तीन कलमं बदलून दिली. एजंटने काय केलं? "हॅव अ लुक अराउंड" म्हणून स्वयंपाकघरात फोनवर बोलत उभा राहिला. आणि साडेसहा लाखांच्या घराला जे लागतं त्याच्या दुप्पट काम तेरा लाखांच्या घराला लागतं का? मग फी दुप्पट का?

परसदार
शेवटचा मुद्दा बरोबर आहे. (घ्या, लिहून ठेवा.) पण मग फी ठरवून घ्या ना! नव्या करारात "अमुक डॉलर" असं लिहिता येतं. न्यू जर्सीत एजंट रिबेटही, म्हणजे फीतला काही भाग परत, देऊ शकतो. सात वर्षांत ठोक रक्कम मागणारे दोन भेटले. बाकीचे घर ठरल्यावर म्हणतात, "ताई, आपल्यातलेच ना, थोडं परत द्या." अमेरिकन गिऱ्हाईक असं कधीच म्हणत नाही. आपल्याच लोकांना माझं लायसन्स म्हणजे भिशीतला छंद वाटतो.

टेक्सासचा_तात्या
विकणाऱ्याची बाजू ऐका. गेल्या वर्षी प्लेनोतलं घर काढलं. नवे नियम वाचून छाती फुगलेली, समोरच्या एजंटला शून्य असं ठणकावून सांगितलं. तीन आठवडे गेले. ज्या दोन ऑफर आल्या त्या दोन्हींत एक ओळ होती, विकणाऱ्याने खरेदीदाराच्या एजंटचे अडीच टक्के द्यावेत. शेवटी दोन दिले. पूर्वी आकडा एमएलएसवर असायचा, आता ऑफरच्या कागदावर असतो. एवढ्यासाठी ज्युरी बसवली होती?

एच१बीची_फाइल
मी घेणारी. पाच टक्के डाउन पेमेंट भारतातल्या एफडी मोडून जमवलंय, त्यावर क्लोजिंग कॉस्ट, म्हणजे व्यवहार पुरा करतानाचा खर्च. विकणाऱ्याने नाही दिलं तर एजंटचे सोळा हजार मी रोख कुठून आणू? बँक ते कर्जात मिसळून देत नाही. खरेदीदाराच्या भल्यासाठी म्हणे.

कर्वेनगरी
तुमच्याकडे निदान करार तरी आहे हो. इथे पुण्यात या. दोन वर्षांपूर्वी २८ हजार भाड्याने फ्लॅट घेतला, एक महिन्याचं भाडं दलाली. ठीक. अकरा महिन्यांनी करार संपला, एजंटचा मेसेज, "रिन्यूअल चार्जेस १४,०००." कशाचे? घर तेच, मालक तोच, मी तोच. घर दाखवायलाही तो आला नव्हता, वॉचमनकडे किल्ली ठेवली होती. यावर काढा की धागा!

उगाचच
कर्वेनगरी, तुम्ही दिलेत हीच चूक. भाडेकरार ऑनलाइन स्वतः करता येतो. अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज, त्यावर पाव टक्का मुद्रांक. लाखभर डिपॉझिट असेल तर आठशेच्या आसपास येईल. शहरात नोंदणी फी हजार. झालं. चौदा हजारांत तुमचे सात करार झाले असते.

बाणेर_बायपास
मी पुण्यातला एजंट. बोला आता. महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचं, २० तासांचं प्रशिक्षण केलं, परीक्षा दिली, दहा हजार भरून नोंदणी केली. ज्यांनी हे केलं नाही अशा हजारो एजंटांच्या नोंदण्या २०२४ मध्ये गेल्या. आणि भाड्याच्या धंद्यात आज कोण आहे? इस्त्रीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, वॉचमन. त्यांना ना परीक्षा, ना जीएसटी. रेरा कायदा नोंदणीकृत प्रकल्पांच्या विक्रीपुरता, भाड्याला लागूच नाही. शिव्या मात्र आम्हाला.

कर्वेनगरी
परीक्षेत "रिन्यूअलला कष्ट न करता पैसे कसे घ्यावेत" असा पेपर होता का? किती मार्क पडले?

बाणेर_बायपास
तोंड सांभाळून. तुमच्या घरमालकाने दुसरा भाडेकरू तीन हजार जास्त देतो म्हणून घर रिकामं करायला सांगितलं असतं, तर फोन कुणाला केला असता? मी अशी तीन भांडणं या महिन्यात मिटवलीत. त्याचं बिल कुणी मागितलं नाही, दिलंही नाही.

घरमालक_वारजे
भाडेकरूंच्या बाजूने सगळेच बोलतात. माझा भाडेकरू तीन महिन्यांचं भाडं आणि वीजबिल थकवून गेला. एजंटने दलाली दोन्हीकडून घेतली होती. नंतर फोन उचलेना. पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मीच पळापळ करून केला होता. बाणेरवाले, तुमच्या परीक्षेत हे होतं का?

लंडनकर
आमच्याकडे विकणारा एक-दीड टक्क्यात सुटतो आणि घेणाऱ्याला सहसा एजंटच नसतो. अमेरिकनांना दोन एजंट कशाला लागतात हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

टेक्सासचा_तात्या
आणि तुमच्याकडे ऑफर मान्य झाल्यावरही विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे पळतो. माझ्या मेहुण्याचे सर्व्हेचे, म्हणजे घर तपासून घेण्याचे, पैसे दोनदा बुडाले. स्वस्त म्हणे.

सरळव्याज
मूळ मुद्द्यावर येऊ का, की वारज्याचं वीजबिल आधी भरायचं? परसदार ताई, घर दाखवण्याआधी सहा महिन्यांच्या करारावर सही मागणारे एजंट मला दोन भेटले. ओळख पाच मिनिटांची. हे नव्या नियमाचं फळ. आधी निदान माणूस बघून ठरवता यायचं.

परसदार
सही का केलीत? कालावधी तुम्ही ठरवायचा. एका दिवसाचा, एका घरापुरता करारही चालतो. मी पहिल्या भेटीला तोच देते. ओपन हाउसला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं असतं तेव्हा, एकटे गेलात तर सहीच लागत नाही. आणि करारात जो आकडा लिहिलाय त्यापेक्षा जास्त एजंटला कुठूनही घेता येत नाही, विकणाऱ्याने देऊ केलं तरी. हे कलम तुमच्या फायद्याचं आहे. वाचलंत का?

सरळव्याज
वाचलं नव्हतं. वकिलाला दाखवलं असतं तर त्याने सांगितलं असतं, बाराशेत. बरं, एक दिवसाचा करार ही गोष्ट शहाणपणाची, एवढं मान्य. अडीच टक्के मान्य नाहीत.

परसदार
एच१बीच्या फाइल, तुमच्यासाठी. ऑफरमध्येच लिहायचं, एजंटची फी विकणाऱ्याने द्यावी. तात्यांना जसं लिहून आलं तसं. बाजार गरम असेल तर तुमची ऑफर मागे पडेल, हेही खरंच. हल्ली फी सोडून द्यायची की गिऱ्हाईक, हा प्रश्न मला दर महिन्याला पडतो. गेल्या वर्षी दोनदा फी सोडली.

कर्वेनगरी
उगाचच, ते ऑनलाइन भाडेकराराचं जरा नीट सांगा ना. अंगठ्याचं मशीन स्वतःचं घ्यावं लागतं की कुणाकडून मिळतं? मालक सत्तरीचे आहेत आणि त्यांचा अंगठा बँकेतसुद्धा लागत नाही.