मदत हवी आहे: १९०१ च्या अमेरिकन फुटबॉलमधील एक नियम

मिशिगन विद्यापीठाच्या १९०१ च्या संघावर मी मराठीत लेख लिहीत आहे. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या या संघाने त्या हंगामातील अकराही सामने जिंकून ५५० गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण दिला नाही. बफेलोविरुद्धचा १२८-० हा निकाल तर छपाईची चूकच वाटावी. तेव्हा टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला) ५ गुण होते आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ मध्ये मिळाली, एवढे पडताळले आहे. मला मिळालेल्या नोंदींत केवळ निकाल व खेळाडूंची नावे आहेत, आणि आजचे नियम येथे उपयोगाचे नाहीत. टचडाउननंतर खेळ पुन्हा सुरू करताना त्या वर्षी किक कोणत्या संघाने मारायची, आणि हे सांगणारे तत्कालीन नियमपुस्तक विनामूल्य कोठे वाचता येईल?