एलिझाबेथ कोप निर्दोष सुटल्या, पण म्हणून राजीनामा अन्यायाचा ठरतो का?

जुना वाचक
काल इथं एकानं लिहिलं की स्वित्झर्लंडच्या पहिल्या महिला मंत्री एलिझाबेथ कोप यांचा पुरुषी व्यवस्थेनं बळी घेतला, आणि पुरावा काय, तर 1990 साली कोर्टानं त्यांना सरकारी गुपित फोडल्याच्या आरोपातून निर्दोष सोडलं. राहवेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

27 ऑक्टोबर 1988. बाई न्याय आणि पोलीस खात्याच्या मंत्री, स्वतः कायद्याच्या पदवीधर. नवरा नामांकित वकील आणि शकार्ची ट्रेडिंग या कंपनीचा उपाध्यक्ष. कंपनीचं नाव मनी लाँडरिंगच्या तपासात येतंय हे कानावर येताच बाईंनी नवऱ्याला ऑफिसातून फोन केला: तिथून बाहेर पड. तो पडलाही. मग बाई गप्प. 7 डिसेंबरला संसदेनं त्यांना पुढच्या वर्षासाठी उपराष्ट्राध्यक्ष निवडलं, तेव्हाही गप्प. बातमी फुटल्यावर कबुली आली. 12 डिसेंबरला म्हणाल्या फेब्रुवारीअखेर जाते, पण 12 जानेवारीलाच खुर्ची सोडावी लागली. यात पुरुषी कट कुठं आला? माहिती आपल्याच खात्यातून आलीय हे बाईंना ठाऊक होतं हे सिद्ध झालं नाही, म्हणून त्या सुटल्या. शिक्षा न होणं वेगळं आणि पदाला लायक असणं वेगळं.

वकीलबाई, सातारा
फोन चूकच होता. मीही वकील, नवराही वकील. एकमेकांच्या फाईलबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही हा आमचा नियम, आणि तो पाळताना किती भांडणं झाली ते आम्हालाच ठाऊक. पण तुम्ही गोष्ट 1988 पासून सुरू करता, हेच मला खटकतं.

1983 ला समाजवादी पक्षानं मंत्रिपदासाठी लिलियन उख्तेनहागेन यांचं नाव अधिकृतपणे दिलं होतं (तिथं मंत्री संसद निवडते). संसदेनं ते डावलून त्याच पक्षातला पुरुष, ओटो श्टिश, निवडला. पुढच्या वर्षी कोप उभ्या राहिल्या, तर वर्तमानपत्रांनी नवऱ्याची जुनी प्रकरणं उकरून काढली. तरी 2 ऑक्टोबर 1984 ला पहिल्याच फेरीत 124 मतं घेऊन निवडून आल्या. आणि त्या गेल्यावर पुढची बाई कधी? 1993, रूथ ड्रायफुस. मधली चार वर्षं मंत्रिमंडळाच्या सातही खुर्च्यांवर पुरुष. चूक एकीची आणि किंमत सगळ्या बायकांनी मोजायची, याला काय म्हणायचं?

भटक्या खेडूत
ज्या देशानं बायकांना देशपातळीवर मताचा हक्क 1971 ला दिला त्यांच्याकडून आपण काय शिकायचं? आपल्या राज्यघटनेनं पहिल्या दिवसापासून दिला. तरी इथं लोक त्यांच्या लोकशाहीच्या आरत्या ओवाळतात.

झुरिचकर
आरती कुणी ओवाळलेली नाही. आपेनझेल इनररोडन या कँटनमध्ये, म्हणजे राज्यात, बायकांना तिथल्या निवडणुकांचा मतहक्क नोव्हेंबर 1990 मध्ये कोर्टानं द्यायला लावला, हे इथं कुणी लपवत नाही.

पण कोप यांचं मोठं काम फोनखाली गाडू नका. विवाह कायदा! जुन्या कायद्यात नवरा कुटुंबप्रमुख, राहायचं कुठं हे तो ठरवणार, बायकोनं नोकरी करायची तर त्याची संमती हवी. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी सांगितलं, दवाखान्यात काम मिळालं होतं, नवऱ्यानं मालकाला चिठ्ठी पाठवली आणि काम गेलं. ऐकताना माझ्या बायकोचे डोळे भरून आले. सप्टेंबर 1985 च्या जनमतात, म्हणजे कायद्यावर लोकांनी केलेल्या थेट मतदानात, उजव्या पक्षाचे नेते ब्लोखर आणि मंडळींनी नव्या कायद्याला कडाडून विरोध केला. कोप मंत्री म्हणून गावोगाव बोलल्या, आणि 54.7 टक्के मतांनी तो पास झाला.

जुना वाचक
कायदा संसदेत मंजूर झाला 5 ऑक्टोबर 1984 ला. बाई निवडून आल्या त्याच्या तीन दिवस आधी! मसुदा आधीच्या लोकांचा, वर्षानुवर्षांचा. श्रेय वाटताना हात जरा आखडता घ्या.

झुरिचकर
मसुदा कुणाचाही असो, जनमतात पडला असता तर कागदच राहिला असता. प्रचार कुणी केला ते बघा.

वकीलबाई, सातारा
आणि खेडूतभाऊ, आपल्याकडचं सांगा ना. 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, आई त्याच्यानंतर. 1999 ला सुप्रीम कोर्टाला त्या 'नंतर'चा अर्थ लावून आईला वाट करून द्यावी लागली. निकालानंतरही माझ्या मुलीच्या शाळेत फॉर्मवर वडिलांचीच सही मागितली. मी तासभर भांडले, मग घेतली माझी.

भटक्या खेडूत
सहीचं पटलं. पण शाळेचा फॉर्म आणि नोकरीची बंदी एका तागडीत टाकू नका. माझ्या आईनं शेत कसलं, बाजार केला, कुणाची परवानगी मागितली नाही.

वकीलबाई, सातारा
सातबारावर नाव कुणाचं होतं?

भटक्या खेडूत
वडिलांचं. तुम्ही मुद्दाम विचारलंत.

जुना वाचक
धागा कोप यांचा आहे! सातबारा दुसरीकडे काढा.

तिसरी घंटा
मूळ मुद्द्यावर येतो. या प्रकरणामुळंच संसदेनं मोरित्झ लॉयनबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, आणि तिला काय सापडलं? केंद्रीय पोलिसांकडं सुमारे नऊ लाख नोंदपत्रं! डावे, परदेशी, संघटनांचे कार्यकर्ते, सगळ्यांवर पाळत. नवऱ्याला केलेल्या फोनवर देश पेटला, पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या हेरगिरीची जबाबदारी एका तरी माजी मंत्र्यानं घेतली का? ते सगळे पुरुष होते. आणि मनी लाँडरिंगला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याचं काम बाईंच्याच खात्यात पुढं सरकलं होतं. 1 ऑगस्ट 1990 ला तो लागू झाला, तेव्हा त्या घरी बसल्या होत्या.

जुना वाचक
नोंदपत्रांचं मान्य. त्या मंत्र्यांनाही जाब विचारायला हवा होता, आणि तो विचारला गेला नाही हा पक्षपात होता. एवढं लिहून देतो. पण बाकीचे सुटले म्हणून कोप यांनी राहायला हवं होतं, हे मला पटणार नाही. 27 ऑक्टोबरलाच सहकाऱ्यांना सांगून टाकलं असतं, तर बहुधा खुर्ची वाचली असती.

वकीलबाई, सातारा
वाचली असती की नाही कोण जाणे. पण फोन चूकच होता, हे मी पहिल्या ओळीतच लिहिलंय. तुम्ही ते वाचलं नाहीत, त्याचाच राग आहे.