आईला अमेरिकेत बोलवायचंय, पण तिची नावं दोन

प्रश्न:
२०१२ मध्ये नवऱ्यामागोमाग न्यू जर्सीत आले. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून ग्रीन कार्ड सशर्त, दोनच वर्षांचं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, भरला. सोबत लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, जॉइंट खातं, दिवाळीचे फोटोसुद्धा. आता मी नागरिक आहे आणि सांगलीच्या आईसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, भरतेय. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेच माझ्या जन्मदाखल्यावर. गॅझेट कधी केलंच नाही. काय जोडू?

प्रतिसाद १:
आमच्या सासूबाईंचं अगदी हेच! यजमानांनी त्यांचा विवाहदाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. फॉर्मवर ‘वापरलेली इतर नावं’ हा रकाना असतो, तो कोरा सोडू नका.

प्रतिसाद २:
ताई, पुढे आय-८६४, म्हणजे आईचा खर्च उचलण्याची हमी, येईल. उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं, आणि कुटुंबाच्या डोक्यांत आईलाही धरायचं. सही नीट वाचून करा. जोडीदारासाठी केलेली असेल तर घटस्फोटानंतरही ती बांधून ठेवते.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार. माझ्यासाठी ह्यांनी तो फॉर्म भरला, तेव्हा मी तो उघडूनही पाहिला नव्हता. आता सही माझी, म्हणून ओळन्‌ओळ वाचतेय. आईला फोन केला. विवाहदाखला मिळाला, आणि ट्रंकेतून हळदीचा डाग पडलेली लग्नपत्रिकाही निघाली. त्यावर माहेरचं नाव स्पष्ट आहे.