मदत हवी आहे: साखर वाढल्यामुळे पेट स्कॅन पुढे गेला

दीपक_तासगाव:
वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. आज उपाशीपोटी मिरजेला पेट स्कॅनला (कॅन्सर शरीरात कुठे कुठे आहे ते बघायची तपासणी) नेलं, बोटातून रक्त काढून साखर बघितली तर २८६. परत पाठवलं. गुरुवारची वेळ दिलीय, वर मधुमेहाची गोळी बंद करायला सांगितली. साखर एवढी असताना गोळी कशी बंद करायची? आत्या म्हणते साखरेवरच कॅन्सर पोसतो, भात-भाकरीही तोडा. लवकर सांगा.

मीनल_विटा:
कोणती गोळी? इन्सुलिन चालू आहे का? गाठ नेमकी कुठे? गुदाशयात असेल तर एमआरआयही लागतो.

शिवारातला:
घरची हळद कोमट पाण्यातून द्या, साखरेऐवजी गूळ. आमच्या मामांचं रक्त पडायचं थांबलं.

मीनल_विटा:
२८६ वाल्याला गूळ? कृपा करून असं सांगू नका. मामांना कॅन्सर होता का?

शिवारातला:
मूळव्याध होती. पण हळद वाईट नाही.

मीनल_विटा:
मूळव्याध समजून घरगुती उपायांवर वेळ जातो आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, राहून जाते, म्हणून बोलले.

दीपक_तासगाव:
भांडू नका. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, इन्सुलिन नाही. गाठ सिग्मॉइडला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या गुदाशयाआधीच्या भागात.

कृष्णाकाठ:
मी पेट विभागात काम केलंय. शिरेतून देतात ती किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखरच असते. कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात, म्हणून गाठ उजळते. रक्तात आधीच साखर भरलेली असली की दोन्हींची चढाओढ होते आणि गाठ फिकी दिसते. म्हणून बहुतेक ठिकाणी २०० च्या खाली मागतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर आतड्याचं अस्तरच चमकतं, त्यात नेमकी आतड्यातली गाठ झाकली जाते. ती साधारण ४८ तास आधी थांबवतात. पण मनानं नाही. मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच फोन करा, मधल्या दिवसांची सोय तेच करतील. ऐन स्कॅनच्या तोंडावर इन्सुलिन नको, सगळी साखर स्नायूंत जाते.

मीनल_विटा:
जेवण अजिबात तोडू नका. उपाशी ठेवलं तरी यकृत साखर बनवतंच, झिजतात ते स्नायू. माझ्या आईचं वजन उतरलं तेव्हा केमोचा डोस कमी करावा लागला. केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्यानं साखर परत चढते, ते आधीच विचारून ठेवा. आणि तुम्हा भावंडांचं वय चाळिशीला आलं असेल तर तुमचीही कोलोनोस्कोपी.

दीपक_तासगाव:
फोन झाला. मेटफॉर्मिन उद्या सकाळपासून बंद, थोडं इन्सुलिन सुरू, स्कॅनच्या दिवशी सकाळी घ्यायचं नाही. आत्याला वरचं सगळं वाचून दाखवलं. रात्री ज्वारीची भाकरी-वरण देतोय.

वारणाकाठी:
महात्मा फुले योजनेत पेट स्कॅन बसतो का? आमचं केशरी कार्ड आहे.